किशोर रुग्ण आणि त्याचें घर

लहान मूल आजारी पडलें, तर काय करावें हें घराला ठाऊक असतें. त्याला मांडीवर घ्यावें, गोष्ट सांगावी, कडू औषधावर गुळाचा खडा द्यावा आणि त्याच्या वतीनें सर्व निर्णय वडीलधाऱ्यांनीं घ्यावे. प्रौढ मनुष्य आजारी पडला, तरीहि मार्ग ठरलेला असतो. त्याला विचारावें आणि तो सांगेल तसें करावें. परंतु चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी गंभीर आजारानें रुग्णालयांत दाखल झाली, म्हणजे घरांतील शहाणीं माणसेंहि गोंधळून जातात. मांडीवर घेण्याचें वय उलटून गेलेलें असतें, आणि विचारण्याचें वय आलें आहे असें अद्याप कोणाला वाटत नसतें.

किशोरवय हें घरापासून हळूहळू सुटें होण्याचें वय आहे. स्वतःची खोली नसली तरी स्वतःचा खण असतो, घरच्यांना ठाऊक नसलेले मित्र असतात, आणि आरशासमोर जाणारा वेळ वाढलेला असतो. रोग नेमका याच गोष्टींवर घाला घालतो. काल एकट्यानें आगगाडीनें शिकवणीला जाणारा मुलगा आज न्हाणीघरापर्यंत जाण्यासाठीं आईचा हात धरतो. त्याचें अंग अनोळखी माणसें उघडून पाहतात. त्यानें केव्हां उठावें, काय खावें, कोणाला भेटावें, हें सर्व दुसरे ठरवितात. म्हणून किशोर रुग्णाला आधार देणें म्हणजे केवळ त्याची सेवा करणें नव्हे. रोगानें हिरावून घेतलेला अधिकार जितका परत देतां येईल तितका परत देणें, हा त्या आधाराचा मुख्य भाग आहे. हा नुसता मायेचा प्रश्नहि नव्हे. रोग बरा होणें न होणें कित्येकदां यावर अवलंबून असतें. तें कसें, हें एका आजाराच्या उदाहरणानें स्पष्ट होईल.

हा आजार म्हणजे मुलांत व किशोरांत आढळणारा रक्ताचा कर्करोग. ॲक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया हें त्याचें वैद्यकीय नांव. रक्तांतील पेशी हाडांच्या आंतील मगजांत, म्हणजे अस्थिमज्जेंत, तयार होतात. या रोगांत एका जातीच्या अपक्व पांढऱ्या पेशी तेथें बेसुमार वाढतात आणि इतर पेशींना जागा उरूं देत नाहींत. तांबड्या पेशी कमी पडल्या, कीं चेहरा फिकट होतो व थकवा येतो. रक्तस्राव थांबविणाऱ्या प्लेटलेट कमी पडल्या, कीं अंगावर निळे डाग उठतात व हिरड्यांतून रक्त येतें. रोगजंतूंशीं लढणाऱ्या निरोगी पांढऱ्या पेशी कमी पडल्या, कीं ताप हटत नाहीं. हा रोग स्पर्शानें लागत नाहीं, आईच्या खाण्यापिण्यानें होत नाहीं आणि कोणाच्या पापाचें फळहि नसतो. घरांत या गोष्टी आरंभींच मोठ्यानें बोलून टाकाव्या. कारण आपल्याच कांहीं चुकीनें हें झालें असें मुलाच्या आणि आईच्याहि मनांत येत असतें, आणि दोघेंहि तें एकमेकांना सांगत नाहींत.

१९४८ पूर्वीं या रोगावर औषध असें नव्हतेंच. त्या सालीं बॉस्टन येथील डॉ. सिडने फार्बर यांनीं ॲमिनॉप्टेरिन या औषधानें कांहीं मुलांच्या रोगाला तात्पुरता उतार पडल्याचें प्रसिद्ध केलें. अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत ज्यांच्या मार्गदर्शनाखालीं हें औषध तयार झालें, ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रांतील भीमवरम् येथें जन्मलेले होते. त्याच कुळांतील मेथोट्रेक्सेट हें औषध आजहि या रोगावर दिलें जातें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत व्हिंक्रिस्टीन हें औषध वापरांत आलें. तें सदाफुलीपासून मिळतें. महाराष्ट्रांत अंगणोअंगणीं फुलणारी तीच ही सदाफुली. अशीं अनेक औषधें एकत्र व क्रमानें देण्याची पद्धति बसत गेली, आणि एके काळीं कांहीं महिन्यांत प्राण घेणाऱ्या या रोगांतून आज संपन्न देशांतील दहांपैकीं सुमारें नऊ मुलें बरीं होतात. किशोरवयीन रुग्णांचें प्रमाण मात्र लहान मुलांपेक्षां कमी राहिलें आहे.

तें कमी कां राहिलें, याचीं कांहीं कारणें रोगाच्या स्वरूपांत आहेत. मोठ्या वयांत त्याचे अधिक हट्टी प्रकार आढळतात. परंतु सर्वच कारणें तशीं नाहींत. अमेरिकेंत १६ ते २० वर्षांच्या ३२१ रुग्णांची तुलना २००८ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं कांहींजणांवर मुलांच्या डॉक्टरांच्या पद्धतीनें उपचार झाले होते, तर कांहींजणांवर प्रौढांच्या डॉक्टरांच्या पद्धतीनें. सात वर्षांनंतर पहिल्या गटांतील शेंकडा ६७ रुग्ण हयात होते, आणि दुसऱ्या गटांतील शेंकडा ४६. वय तेंच, रोग तोच. पण औषधांचा क्रम, मात्रा आणि वेळापत्रकाची कसोशी यांत फरक होता. त्यानंतर अनेक ठिकाणीं तरुण रुग्णांनाहि मुलांच्या पद्धतीचे उपचार देण्यांत येऊं लागले. म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या रुग्णाच्या घरानें पहिल्याच भेटींत डॉक्टरांना शांतपणें विचारावें: उपचारांची योजना मुलांच्या पद्धतीची आहे कीं प्रौढांच्या, आणि ती या रुग्णासाठीं कां निवडली? या प्रश्नानें चांगल्या डॉक्टराचा अपमान होत नाहीं.

दुसरें कारण घरांतच घडतें. या रोगाचा उपचार दोन ते तीन वर्षें चालतो. पहिला टप्पा चार-पांच आठवड्यांचा असतो, आणि त्यांत बहुतेकांच्या अस्थिमज्जेंतून रोग दिसेनासा होतो. मग कांहीं महिने तीव्र औषधें चालतात. त्यानंतर सर्वांत लांबचा टप्पा येतो. रुग्ण घरीं असतो, बरा दिसतो, शाळेला जाऊं लागतो. आणि रोज रात्रीं मर्कॅप्टोप्युरीनची गोळी व आठवड्यांतून एकदां मेथोट्रेक्सेट घेतो. दिसत नसलेला रोग समूळ नाहींसा होण्यासाठीं ही गोळी असते. डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंत तीनशेंहून अधिक रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना अशीं झांकणें बसविलीं, कीं बाटली कोणत्या दिवशीं उघडली याची आपोआप नोंद व्हावी. २०१२ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ठरलेल्या गोळ्यांपैकीं शेंकडा ९५ पेक्षां कमी घेणाऱ्यांमध्यें रोग उलटण्याचें प्रमाण स्पष्टपणें अधिक होतें; आणि गोळ्या चुकविण्यांत बारा वर्षांवरील मुलें लहानांच्या पुढें होतीं. तीस दिवसांत दोन दिवस चुकले, तरी हें प्रमाण ९५ च्या खालीं जातें.

ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली, म्हणजे किशोराच्या मनाचा प्रश्न औषधाच्या प्रश्नापासून वेगळा राहत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाला आई गोळी भरवूं शकते. सोळा वर्षांच्या मुलाला तिनें गोळी दिली, तरी ती तोंडांत गेली कीं खिडकींतून बाहेर गेली हें तोच जाणतो. ही गोळी कशासाठीं, हें ज्याला कधीं सांगितलेंच नाहीं, ज्याला केवळ "रक्त कमी आहे, शक्तीची गोळी आहे" असें भासविलें, त्यानें अंगांत शक्ति आल्यावर ती कां घ्यावी? मायेनें केलेली फसवणूक पहिल्या महिन्यांत सोयीची वाटते. तिची किंमत दुसऱ्या वर्षीं द्यावी लागते.

आणि ही फसवणूक साधतेहि क्वचितच. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचें रुग्णालय म्हणून साऱ्या देशाला ठाऊक आहे. अशा रुग्णालयाची पाटी वाचतां येणाऱ्या मुलापासून रोगाचें नांव लपविणार कसें? शेजारच्या खाटेवरील मुलगा सांगतो, कागदावर लिहिलेलें असतें, आणि हातांतल्या फोनवर औषधाचें नांव शोधायला एक मिनिट लागतें. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनीं ल्युकेमियाच्या कक्षांत राहून मुलांचें निरीक्षण केलें आणि त्यावरील ग्रंथ १९७८ सालीं प्रसिद्ध केला. लहान वयाच्या मुलांनाहि आपल्या रोगाचें गांभीर्य कळलेलें असतें. पण आईबापांना ठाऊक नसावें म्हणून तीं कळल्याचें दाखवीत नाहींत, असें त्यांना आढळलें. अशा वेळीं घरांत दोन नाटकें एकदम चालतात. आई बाहेर रडून तोंड धुऊन आंत येते, आणि मुलगा झोपेचें सोंग घेऊन पडून राहतो. दोघांनाहि जो आधार हवा असतो, तो हातभर अंतरावर असून मिळत नाहीं.

तेव्हां सांगावें, हें खरें. पण कसें सांगावें हेंहि महत्त्वाचें आहे. पहिली गोष्ट डॉक्टरांनीं, आईबापांच्या समक्ष आणि मुलाला उद्देशून सांगावी. मुलगा खाटेवर आणि मोठीं माणसें दारांत उभीं राहून कुजबुजत आहेत, याहून भीतिदायक दृश्य त्याच्या दृष्टीनें दुसरें नाहीं. रोगाचें खरें नांव घ्यावें. उपचार किती दिवसांचा, आधीं काय होईल, नंतर काय होईल, हें साध्या शब्दांत सांगावें. एका बैठकींत सर्व सांगण्याचा अट्टाहास करूं नये. मुलगा किती विचारतो तें पाहावें आणि तितकें सांगावें. दुसऱ्या दिवशीं त्यालाच विचारावें, "काल डॉक्टर काय म्हणाले, तें तुला कसें समजलें?" त्याच्या उत्तरांत कल्पनेची जी भीति मिसळलेली असेल, ती तेव्हांच निस्तरतां येते.

रात्रीं दिवे मंद झाल्यावर एखादा मुलगा विचारतो, "आई, मी यांतून वांचेन का ग?" या प्रश्नाला "असें अभद्र बोलूं नये" हें उत्तर नव्हे. त्यानें प्रश्न बंद होतो, भीति बंद होत नाहीं. "तुला कांहीं होणार नाहीं, शपथेवर सांगतें" हेंहि उत्तर नव्हे. शपथ कोणाच्याच हातांतली नसते, आणि हें मुलाला कळतें. त्यापेक्षां आईनें म्हणावें, "आजार मोठा आहे, हें खरें. पण त्यावर औषध आहे आणि तें सुरू झालें आहे. आम्हांला जें कळेल, तें तुझ्यापासून लपवून ठेवणार नाहीं. आतां तुला कशाची भीति वाटते, तें मला सांग." पुष्कळदां असें निघतें, कीं त्या रात्रीं त्याला मरणाची नव्हे, तर सकाळीं पाठीच्या कण्यांत टोंचल्या जाणाऱ्या सुईची भीति वाटत असते.

त्या भीतीवर इलाज आहे. सुई टोंचण्याच्या जागेवर सुमारें एक तास आधीं बधिरतेचें मलम लावतां येतें. अधिक दुखणाऱ्या तपासणीच्या वेळीं गुंगीचें औषधहि देतां येतें. घरच्यांनीं त्याबद्दल विचारावें. "एवढा मोठा झाला आणि सुईला भितो?" हें वाक्य मात्र रुग्णालयाच्या दाराबाहेर ठेवावें. ज्याला ही सुई वर्षभर पुनःपुन्हां घ्यावयाची आहे, त्याच्या दृष्टीनें पहिल्या सुईचा अनुभव फार मोलाचा असतो.

अधिकार परत देणें याचा अर्थ मुलाच्या मर्जीवर सर्व सोडणें असा नाहीं. औषध घ्यावयाचें कीं नाहीं, ताप आला तर रुग्णालयांत जावयाचें कीं नाहीं, हे प्रश्न खुले नसतात, आणि ते खुले असल्याचा आव आणूं नये. परंतु सुई कोणत्या हाताला टोंचावी, गोळी पाण्याबरोबर घ्यावी कीं सरबताबरोबर, स्नान सकाळीं कीं दुपारीं, आज कोणाला भेटूं द्यावें आणि कोणाला परत पाठवावें, या गोष्टी खुशाल त्याच्याकडे सोंपवाव्या. गोळ्यांची वही त्यानेंच लिहावी. तांबड्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट यांचे आंकडे त्यानेंच टिपावे. थोड्याच दिवसांत तो ते वडिलांना समजावून सांगूं लागतो. भारतांत अठरा वर्षांखालील रुग्णाच्या उपचाराला संमतीची सही आईबापांची असते. पण सही आणि संमति या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारांत, मुलाशीं संबंध असलेल्या प्रत्येक बाबींत त्याला आपलें मत मांडतां यावें आणि वयानुसार त्या मताला वजन मिळावें, असें बाराव्या कलमांत म्हटलें आहे. भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला.

या वयाची लाज हीहि एक खरी गोष्ट आहे. तपासणीच्या वेळीं पडदा ओढून घ्यावा, आणि नातेवाइकांनीं बाहेर जावें. पूर्वीं पाश्चात्य देशांतील रुग्णालयांत आईबापांना मुलांपाशीं राहूंच देत नसत. जेम्स रॉबर्टसन यांच्या १९५२ च्या चित्रपटानें आणि ब्रिटनमधील १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानें ती रीत बदलली. भारतीय रुग्णालयांत अडचण पुष्कळदां उलट असते. येथें आई क्षणभरहि हलत नाहीं. तिची माया निर्विवाद आहे. तरी रोज अर्धा तास तिनें चहाला जावें आणि मुलाला डॉक्टरांशीं किंवा परिचारिकेशीं एकट्यानें बोलूं द्यावें. कांहीं प्रश्न आईसमोर विचारतां येत नाहींत. प्लेटलेट कमी असतां मासिक पाळींत फार रक्तस्राव होऊं शकतो, आणि तो आटोक्यांत ठेवण्यासाठीं औषधें आहेत. पण मुलगी वडिलांसमोर तें बोलत नाहीं. पुढें मूल होण्याच्या शक्तीवर औषधांचा परिणाम होईल काय, हा प्रश्नहि उपचार सुरू होण्यापूर्वींच डॉक्टरांना विचारावा लागतो. कारण कांहीं रुग्णांच्या बाबतींत त्याची तजवीज आधींच करतां येते.

औषधांनीं शरीर आणि स्वभाव दोन्ही बदलतात, आणि हे बदल आधीं सांगितलेले असले म्हणजे निम्मे हलके होतात. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं केस गळूं लागतात; ते पुन्हां येतात. केस गळण्याची वाट न पाहतां आधींच बारीक कापून घ्यावे कीं काय, टोपी घालावी कीं रुमाल बांधावा, हें मुलानें ठरवावें. स्टेरॉइड औषधांनीं चेहरा सुजतो, मध्यरात्रीं भूक लागते, आणि मुलगा क्षणांत चिडतो, क्षणांत रडतो. हा त्याचा उद्धटपणा नसून औषधाचा गुण आहे, हें घरानें आणि विशेषतः आजीआजोबांनीं जाणून असावें. त्याच भुकेपोटीं त्याला रस्त्यावरच्या भेळेची आणि बर्फाच्या गोळ्याची आठवण होते. पांढऱ्या पेशी कमी असतांना उघड्यावरचें व कच्चें खाणें धोक्याचें. परंतु नुसतें "नाहीं" म्हणण्यापेक्षां डॉक्टरांना विचारून घरीं केलेला गरम बटाटेवडा पुढें ठेवणें अधिक शहाणपणाचें. व्हिंक्रिस्टीननें बोटांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठ होतो. हें लाजेनें लपवूं नये, असें त्याला आधींच सांगावें. या वयांत झोपेचें घड्याळहि निसर्गतः पुढें सरकलेलें असतें. रात्रीं उशिरां झोप येणारा मुलगा पहांटे रक्त घेण्यासाठीं उठविला, कीं दिवसभर मलूल राहतो. घरच्यांनीं तो आळस समजूं नये. दुपारीं तासभर भेटी बंद ठेवून त्याला झोपूं द्यावें.

भेटीस येणाऱ्यांबद्दल थोडें अधिक सांगितलें पाहिजे. सर्दी-खोकला असलेल्यानें येऊंच नये, आणि आलेल्या प्रत्येकानें साबणानें हात धुवावे. खाटेशीं बसून दुसऱ्या कोणाच्या आजाराच्या कथा सांगूं नयेत. लिंबू, भस्म आणि चमत्कारिक औषधें आणून मुलाच्या गोळ्यांवरचा विश्वास ढळवूं नये. ज्यांना खरोखर मदत करावयाची आहे, त्यांनीं रक्तदान करावें. प्लेटलेट साधारण पांच दिवसच टिकतात, त्यामुळें त्यांची गरज पुनःपुन्हां लागते. एकाच दिवशीं वीस नातेवाईक धांवून येण्यापेक्षां, आठवड्यागणिक पाळीनें दोघे रक्तपेढींत गेले, तर त्याचा उपयोग मोठा.

मित्रांची गोष्ट वेगळी आहे. या वयांत मित्र हें औषधच होय. प्रत्यक्ष भेट नसेल तेव्हां फोनवरून बोलणें, चेहरा पाहणें शक्य असतें. रात्रीं दहाला फोन काढून घेण्याचा घरचा नियम येथें थोडा सैल करावा. मित्र कित्येकदां येत नाहींत, याचें कारण निष्ठुरता नसतें. काय बोलावें हें त्यांना कळत नसतें. वर्गशिक्षकांनीं मुलाला विचारून त्याच्या संमतीनें वर्गांत आजाराची माहिती द्यावी, आणि पूर्वीं बोलत होतां तेंच बोला, क्रिकेटचें बोला, एवढें सांगावें. अभ्यासहि थोडा चालूं द्यावा. दहावीची परीक्षा यंदां कीं पुढच्या वर्षीं, हा निर्णय घाईनें मुलाच्या माघारीं घेऊं नये. पाटीवर चार गणितें सोडविणाऱ्या मुलाला त्यांतून एक गोष्ट कळते: घरानें त्याचें भविष्य गुंडाळून ठेवलेलें नाहीं.

घरालाहि आधार लागतो. आई रुग्णालयांत, वडील कचेरी आणि औषधांच्या दुकानांत, आणि धाकटी बहीण शेजाऱ्यांकडे, अशी घराची फांकाफांक होते. त्या बहिणीलाहि खरें सांगावें. तिचा वाढदिवस विसरूं नये. वडिलांनीं आठवड्यांतील एक-दोन रात्रीं रुग्णालयांत काढाव्या. त्यामुळें आईला झोप मिळते, आणि जें मुलगा आईशीं बोलत नाहीं तें कधींकधीं वडिलांशीं बोलतो. पैशाची अडचण वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच आठवड्यांत सांगावी. उपचार अर्ध्यावर सोडणें हें या रोगांतील मोठें संकट आहे, आणि तें बहुधा पैशाच्या व राहण्याच्या अडचणींतून येतें. मुंबईंत २००६ सालीं स्थापन झालेली सेंट ज्यूड संस्था परगांवाहून आलेल्या मुलांना आईबापांसह विनामूल्य राहण्याची सोय करते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयानें २००९ सालीं 'उगम' हा गट सुरू झाला. बालपणीं कर्करोगांतून बरे झालेले तरुण त्यांत आहेत. डॉक्टरांच्या दहा आश्वासनांनीं जें होत नाहीं, तें स्वतः या वाटेनें गेलेल्या आणि आतां नोकरी करणाऱ्या एका तरुणाला पाहून होतें.

घरीं परतल्यावर एक नियम मुलानें आणि घरानें पाठ करून ठेवावा. उपचार चालूं असतां ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहूं नये. रात्र असो वा सण असो, तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि हा ताप मुलानें स्वतः होऊन सांगितला पाहिजे. पुन्हां दाखल करतील या भीतीनें तो लपविणारीं मुलें असतात. ज्या घरांत मोठ्यांनीं मुलापासून कांहीं लपविलेलें नाहीं, त्या घरांत मुलानेंहि न लपविण्याची आशा अधिक.

सर्व करूनहि कांहीं मुलें वांचत नाहींत. रोग उलटतो, दुसरा उपचारहि थकतो, आणि डॉक्टर सांगतात, कीं यापुढें दुःख कमी करणें एवढेंच हातीं आहे. तें एवढेंच म्हणजे थोडें नव्हे. मॉर्फिननें वेदना आटोक्यांत ठेवतां येतात, आणि व्यसन लागेल या भीतीनें तें नाकारूं नये. त्या वेळीं मृत्यूबद्दल मुलाशीं बोलावें कीं न बोलावें, हा सर्वांत कठीण प्रश्न. स्वीडनमध्यें कर्करोगानें मूल गमावलेल्या आईबापांना उल्रिका क्राइसबर्ग्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच प्रश्न विचारला. २००४ सालीं त्यांचीं उत्तरें प्रसिद्ध झालीं. मुलाशीं मृत्यूबद्दल बोललेले १४७ आईबाप होते. त्यांपैकीं एकालाहि बोलल्याचा पश्चात्ताप झालेला नव्हता. न बोललेल्या २५८ पैकीं ६९ जणांना मात्र आपण बोललों नाहीं याची खंत वाटत होती. न बोललेल्यांपैकीं बहुतेकांना खंत नव्हती, हेंहि ध्यानांत घ्यावें. म्हणून ही सक्ती नव्हे. मुलानें दार किलकिलें केलें, तर तें लोटून बंद करूं नये, इतकेंच. सतरा वर्षांच्या मुलीला आपलीं पुस्तकें कोणाला द्यावयाचीं आणि उरलेले दिवस घरीं काढावयाचे कीं रुग्णालयांत, हें सांगावयाचें असतें. तें ऐकून घेणारें माणूस तिला घरांतच मिळालें पाहिजे.

बहुतेक मुलांची वाट मात्र पुढें जाणारी असते. उपचार संपतो, केस पूर्वींसारखे होतात, आणि मुलगा महाविद्यालयासाठीं किंवा नोकरीसाठीं दुसऱ्या गांवीं जातो. तेथें नव्या डॉक्टरासमोर तो एकटाच बसणार असतो. आपल्याला कोणता रोग झाला होता, कोणतीं औषधें किती दिवस घेतलीं, हृदयाची किंवा हाडांची तपासणी पुढें केव्हां करावयाची, हें त्याला स्वतःला सांगतां आलें पाहिजे. ज्याला आजाराच्या पहिल्या दिवसापासून खरें सांगितलें गेलें, ज्यानें आपल्या गोळ्यांची वही आपल्या हातानें लिहिली, त्याला तें सांगतां येतें. ती वही उपचार संपल्यावरहि टाकून देऊं नये.